मोजा कोंबलेली घंटा

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात वेस्ट फोर्क शाळेच्या पोराच्या हातून चेंडू निसटला आणि बाबांचा हात आपोआप वर गेला. हातात गाईच्या गळ्यातली घंटा. वेस्ट फोर्कचं काहीही बिघडलं की ती वाजवायची, ही तीस वर्षांची सवय. पण टेसा आपल्या वडिलांना पुरतं ओळखून होती. घरून निघतानाच तिनं घंटेत भावाचा जाडजूड मोजा कोंबला होता. घंटा नुसतीच थप् झाली.

"बाबा," टेसा ओठ न हलवता म्हणाली, "आज आपण यांच्या बाजूनं आहोत."

"माहितीये मला," बाबा म्हणाले आणि घंटा गुडघ्यांत दाबून बसले.

टेसाच्या हार्लो गावची चाळीसेक माणसं शत्रूच्या बाकांवर येऊन बसली होती, शाळेची लाल जाकिटं उलटी घालून. तेवढ्यानं कुणी फसलं नव्हतं. पांढरं अस्तर बाहेर काढून ओळीनं कोण बसतं?

हार्लोनं आपला शेवटचा सामना काल जिंकला होता, पण गटाचं विजेतेपद तोवर दुसऱ्याच गावानं नेलं होतं. बाद फेरीत शिरायला आता एकच फट उरली होती. तुम्ही ज्यांना हरवलं, ते स्वतः जितके सामने जिंकतील तितके तुमचे गुण वाढतात. आणि हार्लोनं वेस्ट फोर्कला सप्टेंबरात चांगलं लोळवलं होतं. टेसानं सकाळपासून पाच वेळा बेरीज केली होती. पाचही वेळा उत्तर एकच. आज वेस्ट फोर्कनं ब्रायर्टनला हरवलं तर हार्लो आत. नाहीतर तिच्या भावाच्या, मायलोच्या, आयुष्यातला शेवटचा सामना काल होऊनही गेला. शाळा यंदा संपत होती आणि कुठल्याही कॉलेजानं त्याला खेळायला बोलावलं नव्हतं.

मायलो बाकावर बसलाच नव्हता. खाली कुंपणाशी, या खांबापासून त्या खांबापर्यंत, जाकिटाची नाडी चावत येरझाऱ्या घालत होता. त्याची नजर एकाच पोरावर होती. चोपन्न नंबरचा कोल्बी. दर वर्षी दोघं समोरासमोर वाकून, हेल्मेटला हेल्मेट भिडवून उभे राहायचे. मायलोच्या हनुवटीवरची खूण त्याचीच.

"जाकीट सरळ घाल गं, गारठशील," शेजारची हिरव्या टोपीतली बाई टेसाला म्हणाली. "तुम्ही कोण ते पार्किंगमध्येच कळलंय सगळ्यांना." मग तिनं सांगितलं की ती चोपन्न नंबरची आई, आणि त्याचा हा शेवटचा सामना.

टेसानं जाकीट सरळ केलं. कान मात्र तापले.

"पोरांना माहितीये का?" तिनं विचारलं. "म्हणजे, जिंकले तर आमचं काय होतं ते?"

"सकाळी नाश्त्याला दुसरा विषयच नव्हता." बाईनं थर्मासमधलं कोको तिच्याकडे सरकवलं. "आमचं काय, जिंकलो तरी घरी, हरलो तरी घरी. हरलो तर निदान तुम्हीपण घरी. आमच्या पेट्रोल पंपावर आज सकाळपासून लोक यावरच हसतायत."

टेसानं कोको घेतलं. बाबांचा डावा पाय इतका थडथडत होता की अख्खं बाक हलत होतं.

आठ सेकंद उरले होते. वेस्ट फोर्क चार गुणांनी मागे. चौथा, शेवटचा प्रयत्न, आणि गोलरेषा दोन यार्डांवर. चेंडू रेषेपार ढकलला तर जिंकले. नुसते आडवे पडले असते तरी त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं.

कोल्बी चेंडूवर वाकला. त्यानं बूट चिखलात असे रोवले की मायलोची येरझार थांबली.

मग सगळे एकमेकांवर कोसळले. ढिगाऱ्यातून काहीच दिसेना. पंच एकेकाला ओढून बाजूला करत होते, टेसाची नखं कोकोच्या कपात रुतली होती, आणि शेवटी एका पंचानं दोन्ही हात वर केले. चेंडू रेषेपार गेला होता.

बाक उसळलं. बाबा उभे राहून ओरडत होते, आणि काय ओरडतोय ते त्यांच्या त्यांनाच उशिरा कळलं असावं, कारण "वेस्ट फोर्क" म्हणताना ते मधेच थांबले. चोपन्न नंबरची आई मात्र बसूनच होती. ती मैदानाकडे बघत होती.

सगळी पोरं हेल्मेटं उडवत मैदानाबाहेर पळाली. कोल्बी एकटा मधोमध उभा. हेल्मेट डोक्यावर तसंच.

मायलो कुंपण धरून नुसता उभा राहिला. थोड्या वेळानं कोल्बीच चालत आला. तोवर टेसा आणि बाबाही खाली पोचले होते.

"शुक्रवारी बाद फेरीत हरून आलास ना," कोल्बी जाळीतून म्हणाला, "तर घरी येऊन बडवीन तुला."

मायलोनं मान हलवली.

कोल्बीची नजर बाबांच्या हाताकडे गेली. "काका, चार वर्षं डोकं उठवलंय त्या घंटेनं. आज गप्प कशी?"

बाबांनी टेसाकडे पाहिलं. तिनं घंटेत दोन बोटं घातली. मोजा घट्ट बसला होता, ओढून ओढून काढावा लागला.

बाबांनी घंटा वाजवली. रिकाम्या होत आलेल्या मैदानावर ती भलतीच मोठी वाजली. पार्किंगकडे निघालेली माणसं वळून बघू लागली. कोल्बी कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला.

घंटा थांबली. मग त्यानं हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा सोडला.