तसबिरीवरचा पंचा

दुसऱ्या दिवशी धर्माच्या तत्त्वज्ञानाचा पेपर, म्हणून प्रभाकर लालबागला विश्रामच्या खोलीवर अभ्यासाला आला होता. एकाने उत्तर म्हणून दाखवायचं, दुसऱ्याने चुका काढायच्या, असं ठरलं. विश्रामच्या वाट्याला ‘ईश्वर नाही’ हे सिद्ध करणारं उत्तर आलं. तो उठला आणि आधी भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीवर पंचा टाकून आला.

प्रभाकर फिस्सकन हसला. “अरे, बी.ए.ला बसतोयस की भजनाला? पंचा टाकला की तुझ्या देवाला ऐकू येत नाही वाटतं? तुमच्यासारख्या मेंढरांच्या जिवावरच चाललंय हे देवाचं दुकान!”

विश्रामने खाली मान घालून सगळं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं.

मग प्रभाकरची पाळी आली. त्याला ‘ईश्वर आहे’ हे सिद्ध करायचं होतं. खाली चाळीच्या अंगणात त्याचे लाल बावट्याचे कॉम्रेड संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाचे फलक रंगवत बसले होते. प्रभाकर उठला, त्याने खिडकी लावली, कडी घातली आणि दबक्या आवाजात सुरुवात केली, “ईश्वर आहे. कारण...”

“थांब रे,” विश्राम तसबिरीवरचा पंचा काढत म्हणाला. “हा खिडकीच्या फटीत कोंब. तुझ्या देवांना ऐकू येतं.”