ओच्यातलं हत्यार

दुकानदारानं तळहातात मावेल असं इवलंसं रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. हौसाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांची नजर मागच्या कपाटातल्या सगळ्यात मोठ्या रिव्हॉल्व्हरवर खिळली होती. मळ्यातल्या घरावर दरोडा पडल्यापासून त्या परवान्यासाठी झटत होत्या. आज तो हातात आला होता.

"मावशी, ते फार मोठं. लपवून बाळगावं लागतं, दिसता कामा नये. तुम्ही कुठं लपवणार?"

"आधी द्या तर खरं."

दुकानदारानं रिकामं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. हौसाबाईंनी पाठ फिरवली, नऊवारीचा ओचा सोडून पुन्हा खोचला आणि दुकानभर चालून दाखवलं. खाली बसल्या, उठल्या. त्यानं वरून खालून बघितलं, पण कुठं फुगवटा दिसेना.

"मग हेच घ्या," तो हरखून म्हणाला. "सवय आहे वाटतं."

हौसाबाई हसल्या. दारावरच्या रखवालदारानं मघाशी त्यांची पिशवी नीट तपासली होती. त्यांनी ओच्यात हात घालून आधी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि मग, दरोड्यापासून दिवसरात्र जवळ बाळगलेला, फडक्यात गुंडाळलेला विळा.

"हा आता गवताला मोकळा झाला," त्या म्हणाल्या.