दांड्यावरचा हात

"हा तक्ता छापला कोनी?" श्यामरावांनी विचारलं.

"कंपनीनं, बाबा." परागनं रंगीत कागद टेबलावर सारखा केला. त्यात त्याच्या कंपनीच्या इंजिन ऑइलचा हिरवा खांब छताला टेकायला निघालेला, आणि बाकी तीन तेलांचे लाल खांब त्याच्या गुडघ्याशी बसलेले.

"चाचनी कोनी घेतली?"

"कंपनीच्याच लॅबनं."

"अन् दुसऱ्यांचं तेल?"

"ते बी कंपनीनंच आनलं."

"म्हनजे नवरदेव तेच, भटजी तेच, अन् अक्षता टाकनारे बी तेच!"

रायपुरातल्या पंडरी भागातल्या त्या गॅरेजात जमलेले पाचही बसमालक खो खो हसले. परागही हसला, जरा जास्तच. तो श्यामरावांचा जावई. आज ऑर्डर मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर कंपनी दुसरा माणूस बघणार होती. "बाबा, आज जास्त मीनमेख काढू नका," लेकीनं, सोनियानं, सकाळी फोनवर एवढंच सांगितलं होतं.

"जावयाची टिंगल पुरे, श्यामरावजी," बाबाराव म्हणाले. गॅरेज त्यांचं, आणि सगळ्यांच्या वतीनं बोलणारेही तेच. "आमाले त्या खांबांतलं काही कळत नाही. तुमी हव म्हना, उद्यापासून चाळीस गाड्यांत हेच तेल."

श्यामराव म्हणजे रायपूरचे जुने इंजिन मिस्त्री. बस केशकालच्या घाटात खोकली, तर इकडे पंडरीत त्यांच्या कपातला चहा हिंदकळतो, असं ड्रायव्हर लोक शपथेवर सांगत. निम्मं सोडून द्या; उरलेल्या निम्म्यावर चाळीस गाड्या रोज तो घाट चढत होत्या.

"कागद राहू द्या बाबा, डोळ्यांनीच पाहा," म्हणत परागनं पेटीतून छोटं यंत्र काढलं. मोटरवर एक पोलादी कडं गरागरा फिरणार, खालच्या वाटीतल्या तेलात बुडत राहणार, आणि वरून दांडा दाबला की त्यावर लोखंड घासणार. ज्या तेलात कडं अडकलं, ते तेल हरलं. दोन सारख्या वाट्या, दोन्हींत मधाच्या रंगाचं तेल. कंपनीच्या वाटीखाली हिरवा कागद, दुसरीखाली लाल.

पराग विजेच्या बोर्डात यंत्राची पिन खोचायला वाकला. मालक मंडळी तक्त्यात डोकं घालून होती. श्यामरावांनी तेवढ्यात खालचे दोन कागद गुपचूप बदलून टाकले. वाट्या जागच्या जागी. या वयात असले उद्योग करू नयेत. पण हात शिवशिवला.

यंत्र सुरू झालं. लाल कागदावरची वाटी लागली. परागनं दांडा दाबला. मोटर कण्हली, किंचाळली, आणि खट्‌कन थांबली.

"हे दुसऱ्यांचं!" पराग ओरडला.

ते त्याच्याच कंपनीचं होतं.

मग हिरव्या कागदावरची वाटी. दांडा दाबूनही कडं सुखानं फिरत राहिलं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामराव मात्र परागच्या पायांकडे बघत होते. लालच्या वेळी त्याच्या टाचा जमिनीवरून उचलल्या होत्या, सगळा खांदा दांड्यावर आला होता. हिरव्याच्या वेळी तोच हात, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पोट्टा चोर नव्हता. चोर असता तर श्यामरावांचं काम सोपं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत खराखुरा आनंद. आपला हात काय करून राहिला, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"बोला, श्यामरावजी." बाबारावांनी ऑर्डरचा कागद ओढला, पेन उघडलं. "हव?"

एका शब्दाचं काम. तेल चांगलं असेलही. नसेलही. या यंत्रानं दोन्हींतलं काहीच सांगितलं नव्हतं. कागद बदलल्याचं सांगावं, तर जावई चारचौघांत लबाड ठरतो. न सांगावं, तर घाटात चढणाऱ्या चाळीस गाड्या.

"एकदा अजून," ते म्हणाले. "पन डोळे बांधून. लग्नातला खेळ समजा, जावईबापू."

डोळे बांधले की हात दोन्हीकडे सारखा पडेल, दोन्ही तेलं सारखी निघतील, मग 'दोन्ही बरी' म्हणून सुटता येईल, असा त्यांचा हिशेब. पराग बिचारा लगेच तयार. "बांधा ना बाबा! आपलं तेल आंधळ्याच्या हातानंही जिंकते."

श्यामरावांनी खांद्यावरचा पंचा त्याच्या डोळ्यांवर बांधला. वाट्या पुढेमागे केल्या, एक यंत्राला लावली आणि बटण दाबलं. कडं फिरायला लागलं. परागनं चाचपडत दांडा धरला.

धरला, आणि तसाच उभा राहिला.

"दाब ना बे," कोणीतरी म्हणालं.

परागची बोटं दांड्यावर आवळली, सैल पडली, पुन्हा आवळली. टाचा किंचित उचलल्या, पुन्हा टेकल्या. मालकांचं हसणं एकेक करून थांबलं. मोटरची घरघर तेवढी राहिली.

"बाबा," पराग भाबडेपणानं म्हणाला, "कोनाचं लावलं ते तर सांगा आधी. त्याशिवाय दाबू कसा?"

बाबारावांनी पेनाला टोपण लावलं. तो बारीक आवाज परागनं ऐकला, आणि बांधल्या डोळ्यांनीच मान त्या दिशेला वळवली.