दुसरा कप

अंधेरीत दारोदार रेशीम विकणारा चिनी फेरीवाला लिऊ वर्षातून एकदा मालनबाईंच्या ओट्यावर टेके. त्या दोन कप चहा आणत आणि तो हात जोडून नको म्हणे. चोपन्न साली मात्र बाई चिडल्याच.

"दारी आलेल्याने चहाला नाही म्हणू नये, लिऊभाऊ!"

"बाई, माझ्या आजोबाने एका गोऱ्या साहेबाला पाहुणा समजून चहा पिकवायची, वाळवायची सगळी विद्या दाखवली. साहेबाने रोपं चोरून इकडे आणली. गावाने आजोबाला नदीत बुडवून मारलं. तेव्हापासून आमच्यात चहा कुणी पीत नाही. दोन्ही कप तुम्हीच घ्या."

मालनबाई त्याच्या खांद्यामागे बघत राहिल्या.

"दुसरा माझा नाहीच हो. दरवर्षी तुमच्या मागे ते म्हातारबाबा ओलेत्याने कुडकुडत उभे असतात, त्यांच्यासाठी आणते."