मशीन साफ आहे

फोल्डर उघडला आणि आत काहीच नव्हतं. तिने तो बंद करून पुन्हा उघडला. मग शेजारचा उघडला. मग जोडलेली डिस्क पाहिली. तीही कोरी. कपाटातली दुसरी डिस्क काढून तीही जोडली. दुसरीतही काही नव्हतं.

ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. सुट्टीच्या दिवशी मात्र ती म्हातारी बहिरी माणसं शोधत हिंडायची, त्यांच्यासमोर कॅमेरा लावायची आणि त्यांच्या हातांच्या खुणा टिपून आणायची. ही माणसं कधी शाळेत गेली नव्हती. त्यांच्या खुणा त्यांनी आपापल्या घरात, आपापल्या कामावर घडवल्या होत्या. होडी चालवणाऱ्या एका आजोबांकडे नुसत्या वाऱ्यासाठीच कितीतरी खुणा होत्या. सुटलेला वारा वेगळा, पडलेला वेगळा, दगा देणारा वेगळा. ते आजोबा मागच्या थंडीत गेले. एक शिंपीणबाई त्यांच्याही आधी गेल्या. त्यांचे हात आता फक्त तिच्या कॉम्प्युटरमधल्या व्हिडिओंत हलत होते.

म्हणूनच ती ते काम जिवापाड जपायची. आणि जपायचं कसं, हे शिकवलं होतं बाबांनी. बाबा एका बँकेच्या संगणक विभागाचे प्रमुख होते. नोकरीत असताना त्यांनी डोळ्यांत तेल घालून बँकेचे संगणक सांभाळले, आणि निवृत्तीनंतर तोच कारभार घरी सुरू केला. पाहुण्यांनी पेनड्राइव्ह चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवावा, एवढा नियम करायचा तेवढा बाकी राहिला होता. दोन प्रती काढ, एक मशीनला कधी जोडून ठेवू नकोस, अनोळखी मेल उघडू नकोस, हा पाठ तिला जेवतानाही ऐकावा लागे. अलीकडे तर तो दिवसातून चार-चारदा होऊ लागला होता. ती हसून "हो बाबा" म्हणायची आणि कामाला लागायची.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला तो तिच्या फोनवरच्या आवाजानेच धावत. त्याने मशीन आणि दोन्ही डिस्क एकेक करून तपासल्या. ती त्याच्या मागे उभी राहून पदराचं टोक पिळत होती. शेवटी तिला राहवेना. व्हायरस कोणता, काही परत मिळेल का, थोडं तरी, निदान त्या होडीवाल्या आजोबांचं तरी, असं तिने एका दमात विचारलं.

त्याने खुर्ची वळवली. "व्हायरस नाही ताई. मशीन साफ आहे. हे कोणीतरी इथे बसून पुसलंय. काल दुपारी."

मग तो खालच्या आवाजात सांगत गेला. नुसतं पुसलेलं नव्हतं. पुसलेल्या जागेवर निरर्थक अक्षरांचे थरावर थर चढवले होते, काही केल्या परत मिळू नये म्हणून. दोन्ही डिस्कवर तसंच. ज्याने हे केलं त्याला काम चांगलं येत होतं.

काल दुपारी ती शाळेत होती. घरात बाबा होते. त्यांचा डोळा लागला असेल आणि कोणी आत शिरलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण दुसरी डिस्क कपाटात कुठल्या साड्यांखाली आहे, हे त्या दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

ती तरातरा गॅलरीत गेली. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. रविवार असूनही अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, माझं मशीन तुम्ही पुसलंत?"

रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी मान डोलावली. संसर्ग झाला होता, ते म्हणाले. पडद्यावर माणसं नुसती हात हलवत होती, तोंडातून आवाज नाही. एक फाइल उघडली, दुसरी उघडली, सगळीकडे तेच. आवाज पार खाऊन टाकला होता. वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर एव्हाना सगळीकडे पसरलं असतं.

ती मटकन त्यांच्या खुर्चीशी बसली. तेवढ्यात त्यांनी अगदी सहज पुढचं वाक्य टाकलं. प्रत काढून ठेवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी काही पुसलं नव्हतं, आणि कालही नाही.

तिच्या जिवात जीव आला. रडू आणि हसू एकदमच फुटलं. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि प्रत कुठे आहे ते विचारलं.

"खाली. तळघरातल्या तिजोरीत. आग लागली तरी धक्का लागायचा नाही."

ते दोघं राहत होते तिसऱ्या मजल्यावर. खाली किराणा दुकान होतं. तळघर होतं ते बँकेत, आणि त्या बँकेची ती इमारत पाडूनही आता बरीच वर्षं झाली होती.

बाबांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि परक्या बाईने धरलेला हात सोडवावा तसा तो संकोचाने सोडवून घेतला.

"घाबरू नका, सुरुवातीला सगळेच घाबरतात," ते मायेने म्हणाले. "तुम्ही नवीन दिसता. कोणत्या शाखेतून आलात?"