भांग मोडतो म्हणून

“अहो, सायकलवर निघालात, हेल्मेट घाला,” मी रोज सांगायचे.

“भांग मोडतो,” हे म्हणायचे.

सायकल ग्रुपमधली शाल्मली एकदाच म्हणाली, “हेल्मेटमध्ये रुबाबदार दिसता हं, सर.”

दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट घालून हे आरशासमोर! माझा नुसता जळफळाट.

आज उतारावर कुत्रं आडवं आलं आणि हे डोक्यावर आपटले. हेल्मेटला उभी भेग गेली. डोक्याला टेंगूळही नाही.

दवाखान्याच्या दारात शाल्मली रडत उभी होती. कालपर्यंत तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या. आजही वाटल्याच. मी तिचा हात धरला.

“पुरे गं रडणं. आत जा आणि तंबाखूचा वास तुला सहन होत नाही, एवढं यांना सांग. माझं सांगून झालंय.”