विहिरीची पायरी

शिवकन्येच्या उजव्या कानात टायटॅनियमचं हाड बसवलं, त्याला दोन महिने झाले होते. बीदरच्या दवाखान्यात तपासणीचा कागद बघून डॉक्टर मॅडम हसल्या. “आता साधं बोलणं ऐकू येईल. पण तुमचं जुनं हाड किडलं नव्हतं, मार लागून निखळलं होतं. काय झालं होतं?” नवरा विलास नेहमीसारखा तिच्याआधी बोलला. “विहिरीच्या पायरीवरून पडली, मॅडम. लई येंधळी हाय.” डावा कान तिचा लहानपणीच गेलेला, उजवा सहा वर्षांपूर्वी. उदगीर, कलबुर्गी, अशा चार दवाखान्यांत डॉक्टर विलासला विचारायचे, विलास सांगायचा, तिला त्यातलं काही ऐकू यायचं नाही, डॉक्टर मान हलवून लिहून घेताना तेवढे दिसायचे. तिला वाटायचं, विलासनं खरं सांगितलंय आणि नवऱ्यानं बायकोला मारणं डॉक्टरांनाही मान्य आहे. म्हणून तीही गप्प राहिली. “काय म्हणलाव तुमी?” तिनं विचारलं. विलास बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, “काय न्हाई! चल, बस चुकंल!” “वरडू नका, ऐकायला यायलंय मला.” तिनं खुर्ची मॅडमच्या टेबलाजवळ ओढली. “मी पडले न्हाई. माहेरी फोन लावला म्हणून ह्येनी फोन कानाला असतानाच हाणलं. लिवा.” मॅडमनी फाईल मागं उलटली, चार दवाखान्यांच्या चार कागदांवर तीच पायरी होती. “बाईचं काय ऐकायलाव, मॅडम,” विलास हसत म्हणाला. “सहा वर्सं समद्यांनी तुमचंच ऐकलं,” शिवकन्या म्हणाली. “आता भाईर जाऊन बसा.”